नोंदवहीबाहेरच्या विहिरी

चौतीस वर्षे मी पाणी तपासले. मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी, सरकारी प्रयोगशाळेच्या पाणी-विभागात, १९७९ पासून २०१३ पर्यंत हजारो बाटल्या माझ्या हातून गेल्या. गढूळपणा, क्षार, कठीणपणा, क्लोराईड, फ्लोराईड, नायट्रेट आणि शेवटी जंतू. प्रत्येक बाटलीला चिठ्ठी असे. गावाचे नाव, स्रोताचे नाव, नमुना घेतल्याची तारीख. माझ्या स्वतःच्या गावाची बाटलीही वर्षाकाठी एखाद-दुसरी येई. ती कोणत्या ठिकाणची हे मला चिठ्ठी न वाचताच कळे. ती पाटलाच्या वाड्यामागच्या विहिरीची असे. आमच्या वस्तीतल्या बायका, माझी माय त्यात आलीच, ओढ्याच्या वाळूत हाताने उकरलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरत. वस्तीत हापसा बसेपर्यंत हेच चालू होते, आणि त्या झिऱ्याची बाटली प्रयोगशाळेत एकदाही आली नाही.

मी एकदा वरिष्ठांना विचारले. ते वाईट गृहस्थ नव्हते. म्हणाले, "अहो, ज्याची नोंदच नाही त्याचा नमुना कोणत्या क्रमांकावर घ्यायचा?"

हे उत्तर मी पुढे आयुष्यभर चघळत राहिलो. आज मी जो इतिहास सांगणार आहे तो समुद्रापलीकडच्या माणसांचा आहे. अमेरिकेतील नवाहो आदिवासींच्या भूमीवरील युरेनियमच्या खाणी आणि त्या खाणींच्या आसपासचे पाणी हा त्याचा विषय. परंतु त्या नोंदवहीची आठवण बाजूला ठेवून हा इतिहास मला वाचता आला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तटस्थपणाचा आव मला आणता येत नाही.

नवाहो स्वतःला दिने म्हणवतात, म्हणजे माणसे. १८६४ साली अमेरिकन सैन्याने त्यांना त्यांच्या मुलखातून शेकडो मैल पायी हाकलत नेऊन डांबून ठेवले. १८६८ च्या तहानंतर ते परत आले. त्यांना जो प्रदेश राखीव म्हणून मिळाला व पुढे वाढत गेला तो आज ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला आहे. लाल खडक, वाळू, मेंढ्या, आणि पाण्याचा दुष्काळ. गोऱ्या वसाहतवाल्यांना ती जमीन टाकाऊ वाटली म्हणूनच ती आदिवासींच्या वाट्याला आली. गावकुसाबाहेरची जागा कशी ठरते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

मग त्या टाकाऊ खडकात युरेनियम सापडले. १९४४ ते १९८६ या काळात नवाहो भूमीतून जवळजवळ तीन कोटी टन खनिज काढले गेले. पहिली दोन दशके गिऱ्हाईक एकच होते, ते म्हणजे अमेरिकन सरकार. त्याला अणुबाँब करायचे होते. खाणी खाजगी कंपन्यांच्या, आत उतरणारे मजूर नवाहो. कोव्ह, रेड व्हॅली, लुकाचुकाई, मॉन्युमेंट व्हॅली, कॅमेरॉन या भागांत डोंगर पोखरले गेले. सुरुंगाची धूळ खाली बसण्याआधीच मजुरांना आत पाठवले जाई. भिंतीतून झिरपणारे थंड पाणी ते ओंजळीने पीत. धुळीचे कपडे घरी जात आणि घरच्या बायका ते धूत. खाणीतून निघालेले सपाट दगड घराच्या पायाला, भिंतीला लागले. सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९५० साली या मजुरांच्या प्रकृतीचा अभ्यास सुरू केला, पण कशासाठी तपासतो आहोत हे त्यांना सांगितले नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाने माणसे मरू लागली तेव्हा त्यांच्या विधवा उभ्या राहिल्या आणि १९९० साली नुकसानभरपाईचा कायदा झाला. मजुरांचा हा इतिहास मोठा आहे व तो बराच लिहिला गेला आहे. मला लिहायचे आहे ते पाण्याविषयी.

युरेनियमचे खनिज जमिनीत खोल, हवेच्या स्पर्शापासून दूर पडून असते तेव्हा ते पाण्यात फारसे विरघळत नाही. खाण खणली की हवा आत शिरते, खनिजाचे ऑक्सिडीकरण होते, आणि पाण्यातील कार्बोनेटच्या संगतीने युरेनियम सहज विरघळू लागते. म्हणजे लाखो वर्षे जे दगडात बंदिस्त होते ते चालते-फिरते होते. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की पाणी उपसावे लागते, आणि उपसलेले पाणी जवळच्या ओढ्यात सोडले जाते. नंतर गिरणी. तिथे खनिज दळून, आम्लात विरघळवून पिवळी भुकटी काढतात. टनभर खनिजातून हाती येते ती एक-दोन किलो. उसाचा रस काढून घेतल्यावर चिपाड उरावे तसा बाकीचा गाळ उरतो. फरक एवढाच की चिपाडात गोडवा उरत नाही, या गाळात मात्र मूळच्या किरणोत्सर्गापैकी सुमारे ८५ टक्के शिल्लक असतो, कारण रेडियम आणि थोरियम मागेच राहतात. शिपरॉकला हा गाळ सॅन वान नदीच्या काठी रचला गेला. ट्यूबा सिटी आणि मेक्सिकन हॅट येथेही असेच ढीग राहिले.

१६ जुलै १९७९ ची पहाट. न्यू मेक्सिकोतील चर्च रॉक येथे युनायटेड न्यूक्लिअर कॉर्पोरेशन या कंपनीच्या गिरणीच्या गाळतलावाचा बांध फुटला. सुमारे ३५ कोटी लिटर आम्लयुक्त किरणोत्सर्गी पाणी आणि ११०० टन गाळ पुअर्को नदीत गेला. नदी म्हणजे बहुतांशी कोरडे पात्र. मेंढ्या त्यातच पाणी पीत, पोरे त्यातच खेळत. गॅलप शहरावरून हा लोंढा पुढे ॲरिझोनाच्या हद्दीत शिरला. किरणोत्सर्गी द्रव्य इतक्या मोठ्या प्रमाणात सांडल्याची दुसरी घटना अमेरिकेच्या इतिहासात नाही. न्यू मेक्सिकोच्या राज्यपालांनी आपत्तिग्रस्त भाग जाहीर करण्याची मागणी केंद्राकडे केली नाही.

त्याच वर्षी २८ मार्चला पेन्सिल्व्हेनियातील थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला होता. मी तेव्हा नोकरीला नुकताच लागलो होतो. थ्री माईल आयलंडचे नाव आमच्या वाचनालयात येणाऱ्या मराठी वर्तमानपत्रांतही आले. चर्च रॉकचे नाव मला त्यानंतर पंचवीस वर्षांनी कळले. पहिल्या ठिकाणी गोरी मध्यमवर्गीय वस्ती होती, दुसऱ्या ठिकाणी मेंढपाळ. कारण शोधायला दूर जायला नको.

चर्च रॉकच्या फुटीबद्दल एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, आणि ती आपल्या बाजूच्या लेखकांना गैरसोयीची आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने पुढे हिशेब केला तेव्हा दिसले की बांध फुटून जितके युरेनियम नदीत गेले त्याच्या कितीतरी पट अधिक युरेनियम, खाणीतून वर्षानुवर्षे उपसून सोडलेल्या पाण्यातून, रोजच्या रोज, परवानगीने आणि शांतपणे गेले होते. फुटलेल्या बांधाचा फोटो निघतो. चालू पंपाचा निघत नाही. दलित अत्याचाराच्या बातमीचेही असेच आहे. जाळपोळ झाली की मंत्री येतात. रोजच्या पाणवठ्यावर जे घडते त्याची बातमी होत नाही.

आता मानकाविषयी बोलू. मानक म्हणजे सरकारने आखलेली रेघ. रेघेच्या अलीकडचे पाणी पिण्यास योग्य, पलीकडचे अयोग्य. प्रयोगशाळेत बसणाऱ्याला ही रेघ निसर्गाने आखल्यासारखी वाटू लागते. मलाही वाटत असे. परंतु प्रत्येक रेघेला इतिहास असतो.

अमेरिकेत पिण्याच्या पाण्याचे पहिले संघराज्यीय मानक १९१४ साली आले, तेही फक्त राज्याराज्यांतून धावणाऱ्या आगगाड्या व बोटींवरील पाण्यासाठी. सुरक्षित पेयजल कायदा १९७४ चा. त्याखाली १९७६ साली किरणोत्सर्गी द्रव्यांच्या मर्यादा ठरल्या. रेडियमची लिटरला ५ पिकोक्युरी आणि एकूण अल्फा किरणोत्सर्गाची १५ पिकोक्युरी. या १५ मध्ये काय धरायचे नाही तेही नियमातच लिहिलेले होते: रेडॉन आणि युरेनियम. म्हणजे चर्च रॉकचा बांध फुटला त्या दिवशी पिण्याच्या पाण्यातील युरेनियमला देशात कायदेशीर मर्यादाच नव्हती. खाणी सुरू होऊन पस्तीस वर्षे झाली होती. जे द्रव्य काढण्यासाठी डोंगर फोडले, नेमके तेच मोजमापातून वगळलेले.

१९९१ साली लिटरला २० मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली गेली. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. डिसेंबर २००० मध्ये अखेरचा नियम निघाला तो ३० चा, आणि अंमल सुरू झाला डिसेंबर २००३ पासून. वीसाचे तीस कसे झाले? वीसपर्यंत पाणी शुद्ध करणे तंत्राने शक्य होते हे पर्यावरण खात्याला मान्य होते. पण १९९६ च्या दुरुस्तीने त्याला एक मुभा मिळाली होती की खर्च फायद्याच्या मानाने फार होत असेल तर रेघ वर सरकवावी. ही मुभा पहिल्यांदा वापरली गेली ती युरेनियमसाठी. म्हणजे ३० हा आकडा मूत्रपिंडातून निघालेला नाही. तो खतावणीतून निघाला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही बघा. १९९८ साली २ मायक्रोग्रॅम, २००४ साली १५, २०११ साली ३०. तेरा वर्षांत माणसाचे मूत्रपिंड पंधरा पटीने बळकट झाले काय, असा प्रश्न मला एका तरुण कार्यकर्त्याने तावातावाने विचारला होता. त्याचा राग मला समजतो, पण प्रश्न बरोबर नाही. आधीचा आकडा प्राण्यांवरील प्रयोगांवरून काढला होता. नंतर माणसांचे अभ्यास हाती आले आणि आकडा बदलला. शास्त्राची रीत अशीच असते, आणि त्या संघटनेने ३० ला 'तात्पुरता' हे विशेषण प्रामाणिकपणे जोडलेले आहे. युरेनियमच्या बाबतीत आधी धोका पोचतो तो मूत्रपिंडाला, जड धातू म्हणून. किरणोत्सर्गाची भीती त्याच्या मागून येते. हे ठाऊक नसल्याने आपल्याकडची पुष्कळ भाषणे फसतात. माझे म्हणणे एवढेच की जो आकडा बदलतो तो कोणाच्या बाजूने बदलतो हे विचारण्याचा हक्क पाणी पिणाऱ्याला असला पाहिजे.

पण खरी गोम आकड्यात नाहीच. हा अमेरिकन कायदा लागू होतो फक्त 'सार्वजनिक पाणीपुरवठ्याला', म्हणजे जिथे किमान पंधरा नळजोडण्या आहेत किंवा किमान पंचवीस माणसे नेहमी पाणी घेतात अशा पुरवठ्याला. नवाहो भूमीवर सुमारे तीस टक्के घरांत नळच नाही. माणसे दहा-वीस मैलांवरून पिंपे भरून आणतात, किंवा जवळच्या पवनचक्कीच्या विहिरीवर जातात. ती विहीर जनावरांसाठी खोदलेली म्हणून नोंदलेली. तिथे माणसे पाणी पितात ही गोष्ट डोळ्यांना दिसते, कायद्याला दिसत नाही. मानकाच्या रेघेच्या अलीकडेही नाही आणि पलीकडेही नाही, ती विहीर कागदाच्याच बाहेर. हे वाचले तेव्हा मला माझ्या वरिष्ठांचे वाक्य जसेच्या तसे आठवले.

ऑक्टोबर २००७ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे नवाहो माणसांनी साक्षी दिल्या, आणि २००८ साली पाच सरकारी खात्यांना मिळून पाच वर्षांची योजना करावी लागली. पाचशेवर सोडून दिलेल्या खाणी मोजल्या गेल्या. कायद्याबाहेरच्या २४० पाणवठ्यांचे नमुने घेण्यात आले. त्यांतील २९ ठिकाणी किरणोत्सर्गी द्रव्ये पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा अधिक सापडली. विहिरींवर सूचना रंगवल्या गेल्या: फक्त जनावरांसाठी. ज्या मेंढीने ते पाणी प्यायचे ती मेंढी कोणी खायची, हे सूचनेत नव्हते.

असा नमुना घेणे म्हणजे काय हे माझ्यासारख्याने दोन ओळींत सांगावे. बाटली आधी आम्लाने धुवावी लागते. विहिरीत साचलेले पाणी आधी उपसून काढायचे आणि ताजे पाणी येऊ लागले की मगच भरायचे. विरघळलेले द्रव्य मोजायचे तर गाळून घ्यायचे. मग थेंब थेंब नायट्रिक आम्ल घालून पाणी इतके आंबट करायचे की धातू बाटलीच्या भिंतीला चिकटू नये. हे राहिले तर युरेनियम बाटलीलाच धरून बसते आणि आकडा कमी येतो. आकडा खोटा पाडायला लबाडीच लागते असे नाही. थोडा आळसही पुरतो. आमच्या प्रयोगशाळेत युरेनियम मोजण्याचे यंत्र माझ्या निवृत्तीपर्यंत नव्हते.

पुढे २०१७ साली ४६४ पाणवठ्यांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १२.८ टक्के ठिकाणी युरेनियम मर्यादेबाहेर होते. पण त्याहून जास्त, १५.१ टक्के ठिकाणी, आर्सेनिक मर्यादेबाहेर होते. म्हणजे ज्याच्या शोधात निघालो त्याच्या शेजारी दुसराच शत्रू बसलेला. आणि खडकातच ही द्रव्ये मुळात असल्यामुळे खाणीपासून दूरच्या काही विहिरीही वाईट निघतात. इथे कंपन्यांचे वकील पुढे सरसावतात: हे तर निसर्गतःच आहे!

'निसर्गतः' या शब्दाशी आपला परिचय जुना आहे. आपली जागाही निसर्गतःच होती असे आपल्याला सांगण्यात आले. म्हणून मी या शब्दापाशी थांबतो. पाणी निसर्गतः वाईट होते की खाणीने वाईट केले याचा निवाडा करायचा तर खाण खणण्याआधीचा नमुना पाहिजे. १९४४ साली तो कोणी घेतला नाही. ज्यांनी घेतला नाही तेच आज पुराव्याचा अभाव पुढे करतात. न घेतलेल्या नमुन्याचा फायदा न घेणाऱ्यालाच मिळतो, असा हा न्याय.

तरीही आपण पुराव्याला घाबरू नये. कॅमेरॉनजवळच्या उघड्या खाणींच्या खड्ड्यांत पाणी साचून तळी झाली होती. मेंढ्या आणि माणसे ते पाणी पीत. नवाहो मुलांत दिसणारा, हातपाय आणि यकृत निकामी करणारा एक दुर्धर आजार त्या पाण्यामुळे होतो असे अनेकांना वाटे. २००६ साली त्याचे मूळ एका जनुकातील दोषात सापडले. त्यामुळे खड्ड्यातले पाणी शुद्ध ठरत नाही. ते घातक होतेच. पण जे आरोप टिकतात तेच करावेत. खोट्या आरोपाची किंमत खरा आरोप करणाऱ्याला द्यावी लागते.

पाण्याच्या शुद्धतेची एक जुनी तपासणी आपल्याकडेही होती. १९२७ साली महाडचे चवदार तळे आमच्या ओंजळीने बाटले म्हणून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. त्या तपासणीत पाण्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. पाहिले होते पिणाऱ्याकडे. आजची तपासणी पाण्याकडे पाहते ही फार मोठी मजल आहे, आणि चौतीस वर्षे तिची सेवा केल्याचा मला अभिमान आहे. पण कोणते पाणी पाहायचे, हे अजूनही पिणाऱ्याकडे बघूनच ठरते.

आपल्या देशात युरेनियमच्या खाणी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाल्या, सिंगभूममधील जादुगोड्याला, संथाळ आणि हो आदिवासींच्या गावांत. तिथेही गाळतलाव आहेत. २४ डिसेंबर २००६ ला डुंगरीडीह येथे गाळ वाहणारा नळ फुटला तो आधी गावकऱ्यांच्याच लक्षात आला. पण पाण्यातील युरेनियमची मर्यादा? अणुऊर्जा नियामक मंडळाची होती लिटरला ६० मायक्रोग्रॅम, किरणोत्सर्गाच्या हिशेबाने काढलेली. भारतीय मानक संस्थेने पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात युरेनियमसाठी ३० चा आकडा घातला तो २०२१ च्या सुमारास. त्याआधी ४५ मायक्रोग्रॅमचे पाणी जगाच्या सल्ल्याप्रमाणे वाईट आणि मंडळाच्या मर्यादेप्रमाणे चांगले होते. पंजाब, हरियाणा, राजस्थान येथील पुष्कळ विहिरींत, जिथे खाण नाही, तिथेही हा आकडा ओलांडलेला सापडतो. तेव्हा जादुगोड्याच्या बाबतीतही 'निसर्गतः' म्हणण्याची सोय तयारच आहे.

आपल्या मानकात आणखी एक गोष्ट आहे. ते १९८३ साली प्रथम निघाले. १९९१ पासून तर मी त्याचा तक्ता टेबलाच्या काचेखाली ठेवत असे. त्यात काही द्रव्यांना दोन रकाने आहेत. एक इष्ट मर्यादा, दुसरी 'पर्यायी स्रोत नसल्यास' चालणारी मर्यादा. फ्लोराईड १ मिलिग्रॅम. पर्याय नसेल तर दीड. विरघळलेले क्षार ५००; पर्याय नसेल तर २०००. ज्याच्याजवळ दुसरी विहीर नाही त्याच्यासाठी तेच पाणी योग्य होते. माणसे तहानेने मरू नयेत म्हणून ही सोय केली हे मला ठाऊक आहे. तरी त्या रकान्यात शिक्का मारताना कधी हात अडखळला नाही असे मी म्हणू शकत नाही.

नवाहो राष्ट्राने २००५ साली आपल्या भूमीवर युरेनियमचे उत्खनन बंद करणारा कायदा केला. पाचशेवर खाणींपैकी साधारण २३० खाणींच्या सफाईला पैशाची तरतूद झालेली आहे. पाण्यासाठी ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १८६८ च्या तहाने आम्हाला मायभूमी दिली, तर तिथे जगायला पाणी मिळवून देण्याची जबाबदारीही त्यातच येते, असे त्यांचे म्हणणे. २२ जून २०२३ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की तहात तशी जबाबदारी लिहिलेली नाही.

निवृत्तीनंतर मी गावी गेलो तेव्हा आमच्या वस्तीतल्या हापशाचा नमुना स्वतः घेतला. वीस मिनिटे हापसून मग बाटली भरली. चुलतभावाची सून विचारत होती, "काका, एवढं पानी कामून सांडून द्यायला?" पैसे भरून तपासणी करून घेतली. अहवाल आला. फ्लोराईड १.३. त्याच्यापुढे शिक्का होता: पर्यायी स्रोत नसल्यास योग्य. युरेनियमचा रकानाच त्या छापील कागदावर नव्हता.